४जी, ५जी की ६जीची वाट? नागपूरच्या बेसा भागातलं घर, नवा फोन आणि हवेतून येणारं नेट

बेसा_लेआउट

नमस्कार मंडळी. तीन प्रश्न आहेत. एकमेकांत गुंतलेले आहेत म्हणून एकाच ठिकाणी विचारतो.

पहिला: घरचे दोन्ही फोन ४जी आहेत आणि आता बदलायचेच आहेत. ५जी घ्यावा की ६जी येईपर्यंत आहे त्यावरच काढावं?

दुसरा: भावाच्या ५जी फोनवर आमच्या हॉलमध्ये ५जीचं चिन्ह ठळक दिसतं, तरी व्हिडिओ कॉलवर समोरच्याला आमचं चित्र अडकतं. आम्हाला तो नीट दिसतो. फोन ४जीवर टाकला की कॉल सुरळीत. नवीन तंत्र जुन्यापेक्षा वाईट कसं चालतं?

तिसरा: लेआउटमध्ये फायबर अजून आलेलं नाही. ५जीवरचं घरगुती नेट लावायचा विचार आहे. वापरणारे चौघं, शिवाय चार सीसीटीव्ही कॅमेरे, चोवीस तास क्लाउडवर रेकॉर्डिंग.

घर दुसऱ्या मजल्यावर, आरसीसी स्लॅब, पूर्वेला बाल्कनी, हॉलच्या एकमेव खिडकीत पत्र्याचा कूलर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण समजून घ्यायचं आहे.

---

ड्राइव्हटेस्ट

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. तो सुटला की पहिला निम्मा सुटतो.

भाऊ, ५जी म्हणजे एकच लहर नव्हे. नागपूर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं, मुंबईचं सर्कल वेगळं. २०२२च्या लिलावात जिओ आणि एअरटेल दोघांनीही ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येकी १०० मेगाहर्ट्झ घेतले. फोनच्या भाषेत हा एन७८. त्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ, म्हणजे एन२८, एकट्या जिओनं घेतला: १० मेगाहर्ट्झ उतरायला (डाउनलोड), १० चढायला (अपलोड).

आता या दोघांचा स्वभाव बघा. एन७८ हा रुंद रस्ता आहे. १०० मेगाहर्ट्झ, चार अँटेनांचा फोन आणि टॉवर समोर असेल तर एका सेलची, म्हणजे टॉवरच्या एका बाजूच्या क्षेत्राची, कमाल क्षमता दीड जीबीपीएसच्या वर जाते. पण ती सगळ्या ग्राहकांत वाटली जाते आणि भिंत लागली की हा पट्टा पटकन दमतो. मोकळ्या हवेतसुद्धा ७०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत ३५०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे एन७८च्या आसपासचा, तोटा १४ डेसिबल जास्त असतो. १४ डेसिबल म्हणजे पोचणारी ताकद पंचविसावा हिस्सा. एन२८ भिंतीतून आत शिरतो, पण १० मेगाहर्ट्झवर त्याची कमाल १०० एमबीपीएसच्या आसपास थांबते. ४जीचा २० मेगाहर्ट्झचा एकच पट्टा दोन अँटेनांवर १५० देतो, आणि ४जी फोन असे दोन-तीन पट्टे जोडून वापरतो. म्हणून एकट्या एन२८वरचं ५जी चांगल्या ४जीपेक्षा सावकाश निघालं तर त्यात बिघाड काहीच नाही.

तुमचा त्रास मात्र चढत्या वाटेचा आहे, आणि ही गोष्ट जाहिरातीत कधी सांगत नाहीत. पट्टीवरच्या काड्या फक्त टॉवरचं तुमच्यापर्यंत काय पोचतं ते मोजतात. टॉवरकडे ३२ किंवा ६४ अँटेनांचा पॅनेल असतो, तो किरण वळवून तुमच्या दिशेनं फेकतो. तुमच्या फोनकडे मात्र बहुधा २३ डीबीएम, म्हणजे जेमतेम २०० मिलिवॉट. टॉवरची हाक तुम्हाला ऐकू येते, तुमचं उत्तर भिंतीतच मरतं. त्यात एन७८वर जाणं-येणं एकाच पट्ट्यात पाळीपाळीनं चालतं आणि वेळेचा साधारण पाऊण भाग उतरत्या डेटाला दिलेला असतो. ४जीच्या ८५०, ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झवर चढत्या डेटाची स्वतःची वेगळी, कायम मोकळी वाट असते. तुम्हाला समोरचा नीट दिसतो आणि त्याला तुम्ही अडकलेले दिसता, याचं कारण हेच.

अजून एक गोष्ट. एअरटेलनं सुरुवात एनएसए पद्धतीनं केली, जिओनं थेट एसएनं, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय स्वतंत्र ५जीनं. एनएसएमध्ये ४जी हा खुंटा आणि ५जी त्याला बांधलेलं. अशा जाळ्यात '४जीच्या या टॉवरसोबत ५जी आहे' एवढी सूचना मिळाली तरी काही फोन ५जीचं चिन्ह दाखवतात, डेटा प्रत्यक्षात ४जीवरून जात असला तरी. चिन्हावर विश्वास ठेवू नका, मोजा.

कसं मोजायचं: अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* डायल करा, 'फोन माहिती'मध्ये नेटवर्कचा प्रकार दिसतो. सॅमसंगवर *#००११#, आयफोनवर *३००१#१२३४५#* आणि कॉलचं बटण. काही कंपन्यांनी हे कोड बंद केलेत, तेव्हा नेटमॉन्स्टरसारखं ॲप वापरा. तीन आकडे लिहून काढा: बँड (लहरींचा पट्टा), आरएसआरपी (पोचणाऱ्या सिग्नलची ताकद) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ). आरएसआरपी −८०च्या आसपास उत्तम, −१००पर्यंत चालतं, −११०च्या खाली घरघर सुरू. एसआयएनआर २०च्या वर उत्तम, १० ते २० चांगलं, शून्याकडे आलं की काड्या कितीही असोत, नेट रखडतं. हॉल, बाल्कनी आणि सगळ्यात आतली खोली, अशा तीन जागी, सकाळी ७ला आणि रात्री ९ला. प्रत्येक जागी अपलोडचा वेगही. मग सेटिंगमध्ये पसंतीचं नेटवर्क ४जी करून तेच परत.

---

बेसा_लेआउट

मोजलं. रात्री ९चे आकडे देतो, सकाळचे थोडे बरे होते.

हॉल, ५जी: एन७८, एनएसए, आरएसआरपी −११२, एसआयएनआर २, अपलोड १.५ एमबीपीएस.
हॉल, ४जी: १८०० मेगाहर्ट्झ, −९८, ९, अपलोड ९.
बाल्कनी, ५जी: एन७८, −९१, १७, अपलोड ३८.
आतली खोली: ५जी नाहीच, ४जी −१०७.

---

ड्राइव्हटेस्ट

आकडे स्वतःच बोलतात. बाल्कनीत टॉवर चांगला आहे. बाल्कनीतून हॉलमध्ये येईपर्यंत २१ डेसिबल गेले, म्हणजे ताकद शंभरावा हिस्साही उरली नाही. त्यात भिंतीचा वाटा आहेच, पण तुमच्या हॉलला एकच खिडकी आणि त्यात पत्र्याचा कूलर. पत्रा रेडिओ लहर जवळजवळ पूर्ण परत फेकतो, आणि उरलीसुरली ओल्या ताट्या शोषून घेतात. उन्हाळाभर तुम्ही घराचं एकुलतं दार लावून ठेवलंय असं समजा.

फोनसाठी उपाय सोपा. घरात असताना पसंतीचं नेटवर्क ४जी ठेवा, व्हिडिओ कॉल बाल्कनीजवळ करायचा असेल तेव्हाच ५जी. एनएसएवर दोन रेडिओ एकाच वेळी जागे असतात, त्यामुळे कमकुवत ५जी धरून बसलेला फोन बॅटरीही लवकर संपवतो.

---

गच्चीवरचा

तिसऱ्या प्रश्नावर मी लिहितो. घरोघरी हेच बसवायचं काम असतं.

बाल्कनीत −९१ आणि १७ असेल तर ५जीचं घरगुती नेट चालेल, पण बाहेरचं युनिट असलेलंच घ्या. घरात ठेवायचा नुसता डबा, ज्यात सिम आणि वायफाय एकत्र असतं, तो तुमच्या हॉलमध्ये फोनइतकाच गुदमरेल.

बसवताना हे सांभाळा. युनिट बाल्कनीच्या बाहेरच्या बाजूला किंवा गच्चीच्या कठड्यावर लोखंडी पाइपला क्लॅम्पनं. पाण्याच्या टाकीच्या आणि पत्र्याच्या शेडच्या आड नको. लावल्या लावल्या घट्ट आवळू नका. तोंड १५-१५ अंशांनी फिरवा, प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबा आणि एसआयएनआर लिहा. सगळ्यात जास्त एसआयएनआर जिथे, ती दिशा. आरएसआरपीच्या मागे लागू नका, कारण जवळचा पण भरलेला टॉवर ताकद जास्त दाखवतो आणि वेग कमी देतो.

वीज आणि डेटा एकाच लॅन केबलमधून वर जातात. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते, पण नळीतून न्या आणि बाहेरच्या कामासाठी बनलेली, शुद्ध तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलमध्ये विजेचा दाब पडतो आणि युनिट दुपारी आपोआप बंद-चालू होतं. लोक नेटवर्कला दोष देत बसतात. युनिटमध्ये शिरण्याआधी केबलला खाली लोंबता वळसा द्या, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी केबलवरून उतरून सॉकेटमध्ये जातं. जूनमधला विजांचा कडकडाट बघता पाइपला अर्थिंग हवंच. आणि मे महिन्यातलं आपलं ऊन: युनिट किती तापमानापर्यंत चालतं ते खोक्यावर लिहिलेलं असतं, ते हवेचं तापमान असतं. ४५ अंशांच्या हवेत थेट उन्हात प्लास्टिकचं आवरण त्याहून बरंच तापतं. टॉवरची दिशा जुळत असेल तर उत्तरेच्या भिंतीवर लावा, नाहीतर वर छोटी प्लास्टिकची छत्री. छत्री पत्र्याची नको.

आता कॅमेरे. इथे थांबून हिशेब करा. एक कॅमेरा सतत २ एमबीपीएस पाठवत असेल तर चार मिळून ८. म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट, दिवसाला ८६ जीबी. प्लॅनची महिन्याची मर्यादा १००० जीबी असेल तर ती साडेअकरा दिवसांत संपते, घरातल्या कोणी काही न बघताही. म्हणून चोवीस तास क्लाउड नको. घरात रेकॉर्डर बसवा, त्यात २ टीबीची हार्ड डिस्क टाका, तीन आठवड्यांहून जास्त साठा राहतो. क्लाउडवर फक्त हालचाल झाल्यावरच्या क्लिप जाऊ द्या.

अजून एक गैरसमज रोज भेटतो. वायफायच्या नावापुढे '५जी' असलं तर तो ५ गिगाहर्ट्झचा वायफाय असतो, मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. दोन भिंतींपलीकडच्या खोलीत तो मरतो, तिथे २.४ वापरा.

आणि लेआउटमध्ये फायबर आलं की फायबर. हवेतलं नेट रात्री ९ला शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यावं लागतं.

---

काटोल_रोड

मध्येच विचारतो, विषय जवळचा आहे. संत्र्याच्या बागेत जमिनीच्या ओलाव्याचे सेन्सर आणि मोटरचा स्टार्टर सिमवर चालवायचे आहेत. दुकानदार म्हणतो ५जीचंच उपकरण घ्या, ४जी बंद होणार. खरं का?

---

ड्राइव्हटेस्ट

नाही. ओलाव्याचा आकडा तासाला काहीशे बाइटचा. त्याला ४जीचं कॅट-१ मोड्यूल पुरून उरतं, त्याची कमाल १० एमबीपीएस उतरती आणि ५ चढती आहे. ५जीमध्ये अशा उपकरणांसाठी रेडकॅप नावाचा हलका प्रकार मानकांच्या रिलीज १७मध्ये, २०२२ साली आला. त्यात १०० ऐवजी २० मेगाहर्ट्झच वापरतात, पण तोही ओलाव्याच्या सेन्सरसाठी गरजेपेक्षा मोठा आणि महाग. ४जी इतक्यात कुठे जात नाही: एनएसएचं अख्खं ५जीच त्याच्या खांद्यावर उभं आहे.

बघायचं ते हे: मोड्यूलवर ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे, म्हणजे बँड ५ आणि ८, आहेत का. पानांनी गच्च भरलेली बाग १८००च्या वरच्या लहरी बऱ्यापैकी खाते, पावसाळ्यात ओल्या पानांनी आणखी. अँटेना झाडांच्या शेंड्यांच्या वर काठीवर लावा. नुसतं २जीचं मोड्यूल घेऊ नका: जिओकडे २जी नाहीच, म्हणजे सिम बदलायची वेळ आली तर एक पर्याय आधीच गेलेला असतो.

---

पुढची_पिढी

६जीची वाट बघू नका. कारण नीट सांगतो, कारण या बाबतीत बाजारात बरंच वारेमाप बोललं जातं.

६जी आज विकत घेण्यासारखी वस्तूच नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं नोव्हेंबर २०२३मध्ये तिची चौकट ठरवली, आयएमटी-२०३० या नावानं, आणि नावातच साल आहे. आपल्या सरकारचा भारत ६जी दृष्टिपत्रही मार्च २०२३मध्ये आला, त्याचंही लक्ष्य २०३० आहे. मानकं लिहिणारी थ्रीजीपीपी आधी अभ्यास करते, मग नियम पक्के होतात, मग चिप, मग फोन. मधल्या काळात येतंय ते ५जी-ॲडव्हान्स्ड. त्याचा पहिला संच, रिलीज १८, जून २०२४मध्ये पक्का झाला.

पिढ्यांची तुलना आकड्यांत करायची तर प्रयोगशाळेतली कमाल ४जीला १ जीबीपीएस, ५जीला २० आणि ६जीला ५० ते २०० असे आकडे चौकटीत आहेत. हे आकडे घरी विसरा. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो ग्राहकाला सगळीकडे मिळायला हवा असा वेग: ५जीच्या चौकटीत उतरता १००, ६जीच्या चौकटीत ३०० ते ५०० एमबीपीएस. म्हणजे ५जीच्या तीन ते पाच पट. खरी नवी गोष्ट वेगळीच आहे. टॉवरनं स्वतःच्या लहरींच्या प्रतिध्वनीवरून आसपासच्या वस्तू ओळखायच्या, रडारसारखं. ठिकाण १ ते १० सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगायचं. आणि उपग्रह जाळ्याचाच भाग धरायचा.

लहरींचा प्रश्न मात्र ६जीतही सुटत नाही, उलट कठीण होतो. २०२७च्या जागतिक रेडिओ परिषदेसाठी ४.४ ते ४.८, ७.१२५ ते ८.४ आणि १४.८ ते १५.३५ गिगाहर्ट्झ हे पट्टे अभ्यासात आहेत. ७ गिगाहर्ट्झवर ३.५पेक्षा तोटा ६ डेसिबल जास्त. भरपाई अशी करतात: लहर अर्धी लांब, म्हणून त्याच आकाराच्या पॅनेलमध्ये चौपट अँटेना मावतात आणि किरण जास्त टोकदार होतो. टॉवरकडून येणाऱ्या वाटेला हे पुरतं. तुमच्या फोनची ताकद मात्र तेवढीच राहते. आज एन७८ जिथे हॉलमध्ये अडतो, तिथे ७ गिगाहर्ट्झ आधी अडेल.

उशिराबद्दल, म्हणजे पिंगबद्दल, एक हिशेब. ५जीची १ मिलिसेकंद ही फोन ते टॉवर एवढ्याच टप्प्याची गोष्ट आहे, तीही खास सेवेसाठी. पुढे डेटा काचेच्या तारेतून जातो. तारेत प्रकाशाला किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद लागतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. समजा तार त्याच वाटेनं मुंबईला गेली, तर जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद नुसत्या प्रकाशाला लागले, मधल्या यंत्रांचा वेळ वेगळा. सर्व्हर मुंबईत असेल तर ६जी आलं तरी हे ७ कमी होत नाहीत. ते कमी करायचे तर सर्व्हर नागपुरात हवा.

---

बर्डीचा_काउंटर

फोन घेताना काय बघायचं ते राहिलं, म्हणून लिहितो. खोक्यावरचं '५जी' वाचून समाधान मानू नका, कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून बँडची यादी काढा. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या बँडांचा असतो, परदेशातून आणलेल्यात इथेच फसगत होते.

एन२८ आणि एन७८ हवेतच. एन१, एन३, एन५, एन८, एन४० असतील तर फोन जास्त वर्षं टिकेल, कारण आजचे ४जीचे पट्टे पुढे ५जीकडे वळवले जाऊ शकतात. एन२५८, म्हणजे २६ गिगाहर्ट्झ, यासाठी एक रुपया जास्त देऊ नका. एसए आणि एनएसए दोन्ही असू द्या, कॉलसाठी व्होएनआर, म्हणजे ५जीवरूनच कॉल करायची सोय, असू द्या. एन२८ आणि एन७८ जोडून वापरता येतात का तेही विचारा. स्वस्त फोनमध्ये दोन्ही बँड असतात, पण एकत्र चालत नाहीत, आणि घरात नेमका तोच जोड कामाला येतो. एन७८वर चार अँटेना असलेला फोन दोन अँटेनांच्या फोनपेक्षा कडेच्या भागात स्पष्ट चांगला चालतो.

सिम: जिओ आणि एअरटेलचं चालू ४जी सिम ५जीला चालतं. 'सिम ५जी करून देतो, ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो चोर आहे, ठेवून द्या.

उन्हाळ्यात दुचाकीच्या हँडलवर मोबाइल लावून नकाशा बघत असाल तर तापलेला फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग ५जी सोडून ४जीवर येतो. तो स्वतःला वाचवतोय. ॲपल आयफोनसाठी भोवतालची हवा ३५ अंशांपर्यंतच सांगतं, आणि आपल्याकडे एप्रिलची दुपार त्याच्या वरच असते.

---

बेसा_लेआउट

सर्वांचे मनापासून आभार. फोन आत्ता घेतो, यादी काढून. नेटसाठी बाहेरचं युनिट, घरात रेकॉर्डर. गच्चीवर उत्तरेची भिंत आहे, पण बाल्कनी पूर्वेला आणि सिग्नल तिकडूनच येतो असं दिसतं. मग छत्रीच ना?

---

गच्चीवरचा

हो, छत्री. पण आधी गच्चीवर फोन घेऊन चारही कोपऱ्यांत एसआयएनआर बघा. बाल्कनीत चांगलं म्हणजे टॉवर पूर्वेलाच आहे असं नाही, समोरच्या इमारतीवरून परतून येणारा सिग्नलही तसाच दिसतो. गच्चीवर थेट टॉवर दुसऱ्याच दिशेला सापडला आणि तिथे १७पेक्षा जास्त आलं, तर युनिट तिकडेच लावा. मोजणी कूलर सुरू करून संध्याकाळी करायची गरज नाही, गच्चीला त्याचा फरक पडत नाही. हॉलमधला वायफाय राउटर मात्र कूलरच्या मागे ठेवू नका, दाराच्या वर उंचावर ठेवा.